वाकायचं कुणी?

कंबर धरली की घरात सगळ्यात आधी बंद होते ती बाग. ‘आता आराम करा’ असं म्हणत आपणच ती बंद करतो. पण माणसाला खाली वाकता येत नसेल, तर माती वर आणता येते. आणि त्यासाठी लागणारं बहुतेक सगळं सामान जळगाव-धुळ्याच्या बाजारात आजही पडलेलं आहे!

तुमच्या आजीला मातीत हात घातलेला शेवटचं कधी पाहिलंत?

आठवा जरा. घरामागे चार वांगी, दोन मिरच्या, कढीपत्त्याचं एक झाड आणि कुंपणाला शेवगा, एवढं तिचं राज्य. मग कधीतरी कंबर धरली. किंवा गुडघे गेले. किंवा बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला. त्यानंतर सगळ्यांनी मिळून, अगदी प्रेमानं, एकच वाक्य म्हटलं : ‘आता बस झालं, आराम करा.’

आजी टीव्हीसमोर बसली. वांगी वाळली. रिकाम्या कुंड्या एकात एक घालून जिन्याखाली गेल्या.

प्रेमच होतं ते, शंका नाही. पण या सगळ्यात एक साधा प्रश्न कुणी विचारला नाही. आजीला वाकता येत नाही हे मान्य, पण बाग करायची तर वाकावंच लागतं, हे कुणी ठरवलं?

आणि हा विषय फक्त आजी-आजोबांचा आहे असंही समजू नका. कॉलेजात तुमच्या शेजारच्या बाकावर कुबड्या घेऊन येणारा मित्र असेल, व्हीलचेअरवरची मैत्रीण असेल. क्रिकेट खेळताना पाठ धरलेला, नाहीतर दिवसाचे दहा तास खुर्चीत बसून एमपीएससी करणारा कुणी असेल. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ प्रकल्प आहे. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी बाहेरगावची दिव्यांग मुलं-मुली तिथे येऊन राहतात. म्हणजे पायानं, हातानं, डोळ्यानं अडलेली तरुण मंडळी या शहराला काही नवी नाहीत. पण जुलै महिना आला, एनएसएसचं वृक्षारोपण निघालं, की कुबड्यावाल्या मित्राच्या हातात काय येतं? हजेरीचा कागद. नाहीतर फोटो काढायला मोबाइल. खड्डा दुसरे खणतात, रोप दुसरे लावतात.

कंबर नेमकी कुठे बोलते

धुळ्याकडे अहिराणी बोलणाऱ्या कुठल्याही घरात जा, ‘कंबर दुखी राहिनी व माय’ हे वाक्य दिवसातून दोनदा ऐकू येईल. ज्या बाईनं वीस-पंचवीस पावसाळे कपाशीत निंदणी केलीय, तिनं ते म्हटलं तर नवल नाही. निंदणी म्हणजे उकिडवं बसायचं, खुरप्यानं गवत काढायचं, बसल्या-बसल्या पुढे सरकायचं, की पुन्हा तेच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

यात कंबरेवर नेमका किती ताण येतो? स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात हे थेट मोजून पाहिलं. त्यांनी जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घातली आणि आतला दाब नोंदवला. सरळ उभं असताना तो दाब १०० धरला, तर पुढे वाकल्यावर १५० होतो. हातात वजन घेऊन वाकलं, की २२०. आणि खुर्चीत बसून पुढे झुकत वजन उचललं, तर २७५!

हा शेवटचा आकडा नीट बघा. आपण काय करतो? आजीला कंबरेचा त्रास आहे म्हणून तिला प्लास्टिकचं स्टूल देतो. आणि कुंडी मात्र जमिनीवरच राहते. म्हणजे आजी बसूनच्या बसून पुढे झुकणार आणि भरलेली कुंडी ओढणार. नंतरच्या संशोधकांनी नव्या साधनांनी केलेल्या मोजमापांत नुसतं बसण्याचे आकडे बरेच खाली आले, पण पाठ वाकवून वजन उचलणं सगळ्यात महागात पडतं, हे काही बदललं नाही. त्यामुळे फक्त माणसाची बैठक वर आणून भागत नाही. माती वर आणावी लागते.

याचा अर्थ वाकणं म्हणजे विष, असा मुळीच नाही. साध्या कंबरदुखीत अंथरुणाला खिळून राहू नका, हलत-चालत राहा, असंच आजचे डॉक्टर सांगतात. बागकाम त्यासाठी उत्तम. वीस मिनिटं काम, मग दोन फेऱ्या, मग चहा. मात्र पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पायातली ताकद गेल्यासारखी वाटत असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर बागेचा विचार नंतर, आधी दवाखाना.

आखूड दांड्याचा खटला

आता थोडं लांब जाऊन येऊ. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लेट्यूस आणि शुगरबीटच्या शेतांत मेक्सिकन मजूर विरळणी आणि निंदणी करायचे. त्यांच्या हातात दिलेल्या खुरप्याचा दांडा जेमतेम फूट-दीड फुटाचा. स्पॅनिशमध्ये त्याला म्हणायचे ‘एल कोर्तीतो’. म्हणजे आपल्या भाषेत ‘आखूडलं’. ते घेऊन काम करायचं तर दिवसभर कंबरेतून दुमडूनच राहावं लागे. मालकांचं म्हणणं असं, की लांब दांड्यानं काम नाजूक होत नाही, पिकाचं नुकसान होतं. मजूर वेगळंच सांगायचे. आखूड दांडा असला, की मुकादमाला लांबूनच दिसतं ना, कोण वाकलंय आणि कोण सरळ उभं आहे! सरळ उभा दिसला तो कामचुकार. मजुरांचे नेते सीझर चावेझ यांनीही तरुणपणी याच खुरप्यानं काम केलं होतं आणि आपल्या पाठीच्या दुखण्याचं खापर ते त्याच्यावरच फोडत.

सेबॅस्टियन कार्मोना आणि इतर मजुरांच्या वतीनं वकील कोर्टात गेले. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या. १९७५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांच्या बाजूनं निकाल दिला आणि आखूड दांड्याचं खुरपं शेतातून हद्दपार झालं. लांब दांडा आला. लेट्यूस पिकायचं काही थांबलं नाही.

हे इथे सांगायचं कारण, आपल्याकडे खुरप्याला लांब दांडा लावता येतो हे माहीत नाही असं थोडंच आहे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं उभ्यानं ढकलायचं दोन चाकांचं हातकोळपं कधीच तयार केलंय. जुन्या सायकलचं पुढचं चाक लावून बनवलेलं सायकल कोळपंही गावोगावी दिसतं. पण बैलाचं कोळपं पुरुषाच्या हातात आणि निंदणीचं खुरपं बाईच्या हातात, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. सुधारणा आधी कोळप्यात झाली, खुरपं तसंच राहिलं. शेतात राबत ओव्या रचणाऱ्या आसोद्याच्या बहिणाबाईंचं नाव आपण २०१८ मध्ये विद्यापीठाला दिलं. त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या शेतांत खुरप्याचा दांडा मात्र अजून वीतभरच आहे.

घरच्या बागेपुरतं हे बदलणं अगदी सोपं आहे. छोटं खुरपं लोहाराकडे न्यायचं आणि त्याच्या मुठीच्या जागी चार फुटी लाकडी किंवा बांबूचा दांडा बसवून घ्यायचा. बसून काम करणाऱ्याला दोन फुटी पुरतो. सांध्यांना सूज असेल, मूठ घट्ट आवळता येत नसेल, तर दांड्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची. दांडा जाड होतो, हातातून सटकत नाही आणि पकडायला जोर कमी लागतो.

बी टाकायलाही वाकायला नको. तिफण बघितलीय ना? वर चाडं, खाली नळे. बाई तिफणीमागे चालत चाड्यात बी सोडते आणि ते बरोबर तासात जाऊन पडतं. ती वाकत नाही! तीच युक्ती घरी करायची. तीन फुटी पीव्हीसी पाइपचा तुकडा, वर अर्धी कापलेली पाण्याची बाटली उलटी बसवायची. झालं तुमचं चाडं. उभ्यानं किंवा खुर्चीतून पाइप जमिनीला टेकवा आणि वरून भेंडीचं, गवारीचं बी सोडा. आणि शेवग्याच्या शेंगा काढायला बांबूची आकडी तर घराघरात असतेच. कुणाला असल्या ‘साधनां’ची लाज वाटत असेल, तर त्यानं आधी आकडी सोडून दाखवावी!

अंगणातलं उत्तर

माती वर आणायची म्हणजे काय, हेही आपल्याला नवं नाही. जुन्या घराच्या अंगणातलं तुळशी वृंदावन आठवा. कंबरेइतक्या उंचीची कुंडीच ती! रोज पाणी घालायचं, मंजिऱ्या खुडायच्या, वाळकी पानं काढायची. म्हाताऱ्या बाईला हे सगळं उभ्या-उभ्या करता येतं. इतकी वर्षं आपण एका झाडाला हा मान दिला. मेथीला आणि कोथिंबिरीला तो द्यायला काय हरकत आहे?

आफ्रिकेतल्या लेसोथो देशात नेमकं हेच झालं. तिथे एड्सच्या साथीत घराघरातली कर्ती माणसं आजारी पडली आणि मागे उरल्या अशक्त बायका, म्हातारी माणसं आणि मुलं. त्यांना खाली वाकून, लांब चालून शेती झेपणार नव्हती. मग कंबरेइतकी उंच, दगडांची गोल बाग रचली जाऊ लागली. एका बाजूनं मधोमध शिरायला खाच, मध्यभागी कचऱ्याच्या खताची टोपली. खाचेत उभं राहिलं, की चारही बाजूंच्या भाजीपर्यंत हात पोचतो. वरून बघितलं तर कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखी दिसते, म्हणून ‘कीहोल गार्डन’ असं नाव पडलं.

आपल्याकडे तर याहून स्वस्त वस्तू आहे : भाजी मार्केटमधलं प्लास्टिकचं क्रेट. साधारण पावणेदोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, एक फूट उंच. जुनी, कडा तुटलेली क्रेट्स भंगारात सहज मिळतात. आतून शेडनेट किंवा जुनं गोणपाट लावायचं आणि माती भरायची, की वाफा तयार. एक क्रेट पालथं घालून त्यावर मातीचं ठेवलं, तर वरची कड दोन फुटांच्या आसपास येते. बसून काम करणाऱ्यासाठी ठीक. खाली दोन पालथी घातली तर तीन फूट, उभं राहून काम करणाऱ्यासाठी. फक्त एक लक्षात ठेवा. क्रेट आधी जागेवर मांडा, माती नंतर भरा. ओल्या मातीनं भरलेलं असं एक क्रेट साठ-सत्तर किलोंचं होतं. ते उचलायला गेलात, तर या लेखाची गरज तुम्हालाच पडेल. आणि थप्पी दोरीनं किंवा केबल टायनं बांधून घ्या. वॉकरवाला माणूस तोल गेला की पहिला हात तिथेच टेकवणार आहे.

व्हीलचेअरसाठी मात्र थप्पी चालत नाही, कारण गुडघे आत जायला जागा लागते. नाहीतर माणूस आडवा लागतो आणि सगळं काम अंग पिळून करावं लागतं. त्यापेक्षा टेबल करा. खाली साधारण ७० सेंटीमीटर मोकळी जागा, वर वीतभर खोल ट्रे. वेल्डरकडून अँगलचा सांगाडा किंवा जुन्या लोखंडी टेबलाचे पाय, दोन्ही चालतं. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा एवढ्या खोलीत मजेत येतात. रुंदी एका बाजूनं हात पोचणार असेल तर दोन फूट, दोन्ही बाजूंनी पोचणार असेल तर चार. वाट किमान तीन फूट हवी, आणि चाकाची खुर्ची वळवायची असेल तिथे पाच. पायरीच्या जागी उतार करायचा, तर एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा सगळीकडचा नियम आहे. आपण घरी चार फुटांत उतार ‘बसवतो’. त्यावरून व्हीलचेअर नाही, फक्त पाण्याची बादली घसरत खाली येते.

हे आकडे सुरुवातीला धरायचे. खरं माप घ्यायचं ते माणसाचं. ज्या खुर्चीत आजी रोज बसते, त्याच खुर्चीत तिला बसवा, हात कोपरात वाकवायला सांगा आणि कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावा. वाफ्याची वरची कड त्या मापाच्या थोडी खाली हवी. उभं राहून काम करणाऱ्यालाही हेच.

आता एक खास खान्देशी अडचण. भरीताचं वांगं! जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. तेव्हा ते लावायचंच. पण वांग्याचं झाड स्वतःच कंबरेइतकं वाढतं. तीन फुटी वाफ्यात ते लावलं, तर फळ बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून जाणार. म्हणून उंच झाडाला बुटका वाफा आणि बुटक्या भाजीला उंच वाफा, असं उलटं गणित ठेवायचं. वांगं, मिरची, टोमॅटो यांना गुडघ्याएवढी उंची बास, आणि खोली मात्र फूटभर तरी हवी. वाफ्याची कड विटांची बांधलीत, तर ती नऊ इंच रुंद ठेवा. तिच्यावर बूड टेकवून काम करता येतं आणि उठताना हाताला आधार मिळतो. गुडघे दुखणाऱ्याला खाली बसणं जमतं हो, खरी पंचाईत उठताना होते.

तीस किलो पाणी

आता आकडेमोड करू. वीस कुंड्या आहेत, प्रत्येकीला दीड लिटर पाणी. झालं तीस लिटर, म्हणजे तीस किलो. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा संध्याकाळी पुन्हा तेवढंच. दिवसाला साठ किलो वजन झारीनं नेऊन वाकून ओतायचं. बागा खुरपण्यापायी कमी बंद पडतात. त्यांना बंद पाडते ती ही झारी.

आणि गंमत अशी, की यावरचा इलाज ज्या गावानं देशाला शिकवला, त्या गावात आपण राहतो. थेंबाथेंबानं पाणी द्यायची आधुनिक पद्धत इस्रायलच्या सिम्का ब्लास यांची. १९६५ मध्ये हात्झेरिम किबुत्झमध्ये त्यावर नेताफिम कंपनी उभी राहिली. भारतात ठिबक शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्यात जळगावच्या भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनचं नाव सगळ्यात आधी येतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हे काम उचललं. आज केळीच्या बागेत ठिबक नाही असं शेत शोधावं लागेल. पण शेतात एकरभर नळ्या अंथरणारा तोच शेतकरी संध्याकाळी घरी येतो, तेव्हा त्याची आई गच्चीवर बादली घेऊन कुंड्यांना पाणी घालत असते. का? कारण पाणी वाचवायला, उत्पन्न वाढवायला ठिबक, हे डोक्यात पक्कं बसलंय. कंबर वाचवायला ठिबक, हे कुणी सांगितलंच नाही.

लागतं किती? झाकणाचा एक ड्रम किंवा वीस लिटरचा कॅन, कुंड्यांपेक्षा मीटरभर उंच. त्याला एक कॉक, एक छोटा फिल्टर, १६ मिलिमीटरची नळी आणि कुंडीला एक ड्रिपर. कृषी केंद्रात सगळं मिळतं, आणि शेतातल्या जुन्या नळ्यांचे तुकडे तर फुकट. दुकानदार ज्याला ‘चार लिटरचा ड्रिपर’ म्हणतो, तो पंपाच्या दाबावर तासाला चार लिटर देतो. मीटरभर उंचीच्या कॅनचा दाब त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाच, म्हणून पाणी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येईल, तासाला सव्वा लिटर. एका कुंडीखाली पेला लावून स्वतःच मोजा. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलपेक्षा बरं आहे हे! कॉक मात्र हाताच्या उंचीवर आणि लांब दांडीचा घ्या. बोटं दुखणाऱ्याला गोल चकतीचा नळ फिरवता येत नाही.

ड्रम भरायचा तो नळाला पाइप जोडून. बादलीनं भरणार असाल, तर केलेल्या सगळ्यावर पाणी!

गच्चीचं म्हणाल तर सिव्हिलच्या मित्राला हाताशी धरा. फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोंच्या घरात जातं. भारतीय मानक ८७५ प्रमाणे वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब धरला जातो तो चौरस मीटरला दीडशे किलोंच्या भारासाठी. म्हणजे गच्चीच्या मधोमध मातीचा मोठा वाफा नको. जड वस्तू भिंतीच्या, बीमच्या रेषेत ठेवायच्या, आणि मातीत अर्ध्याहून जास्त कोकोपीट आणि कंपोस्ट घालायचं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पालापाचोळ्याची हलकी, सुपीक माती घरी कशी बनवायची हे कितीतरी लोकांना शिकवलं. उचलणाऱ्याच्या कंबरेलाही ती माती मानवते. आणि खान्देशच्या उन्हात लोखंडी ड्रम, उघडा लोखंडी कठडा नकोच. मुळं भाजतात आणि आधाराला धरणारा हातही.

बधिर हात, हिरवं शेत

हे सगळं ऐकल्यावर घरातलं कुणीतरी म्हणणारच, ‘कशाला ही उठाठेव? भाजी मार्केटात मिळते की!’ त्यांना आनंदवनाची आठवण करून द्या. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळच्या दगडाळ रानात आनंदवन उभं राहिलं. १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते त्याचं उद्‌घाटन झालं. तिथे विहिरी खणल्या, जमीन साफ केली, भाजी पिकवली ती कुष्ठरोगानं बोटं झडलेल्या, हातपाय बधिर झालेल्या माणसांनी. दान घेत बसण्यापेक्षा त्यांना काम हवं होतं. खुद्द बाबांना पुढे मणक्याच्या आजारानं नीट बसताही येईना. उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. १९८५ मध्ये ‘भारत जोडो’साठी तरुण पोरं-पोरी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलवर निघाली, तेव्हा बाबा त्यांच्याबरोबर गाडीतल्या बिछान्यावर पडून गेले.

बधिर हाताची गोष्ट आपल्या घरापासूनही लांब नाही. जुना मधुमेह असलेल्या आजोबांच्या तळपायाला, बोटांना संवेदना कमी असू शकते. काटा रुतला, तापलेल्या कुंडीनं चटका बसला, तरी कळत नाही. त्यांनी बागेत बंद बूट आणि हातमोजे घालायचेच, आणि काम झालं की हातपाय डोळ्यांनी तपासायचे. तळवा दिसत नसेल तर आरसा धरून. नातवानं बघितलं तरी चालेल.

वेळही सांभाळायची. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या आत सगळं आटपा. चार काठ्यांवर हिरवी शेडनेट, खाली पाठ टेकता येईल अशी खुर्ची, हाताशी पाण्याची बाटली आणि खिशात मोबाइल. पडलं तर हाक मारायला.

हजेरीचा कागद खाली ठेवा

आता पुन्हा कॉलेजकडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि शिक्षणसंस्थांमध्ये दिव्यांगांना सुलभ सोयी देणं बंधनकारक केलं. रॅम्प झाले, काही ठिकाणी लिफ्टही. पण कॉलेजच्या बागेत जायला तीन पायऱ्या असतात आणि रोपवाटिका असलीच तर ती जमिनीवर.

एनएसएसच्या पोरांनी एवढंच करावं. या वर्षी सगळी रोपं विकत आणू नका. कडुनिंबाच्या निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली सडा पडलेल्या असतात. त्या धुवायच्या आणि लगेच पिशवीत लावायच्या, कारण निंबोळीची उगवण्याची ताकद काही आठवड्यांतच ओसरते. पिशव्या भरणं, बी लावणं, तण काढणं, मेलेली रोपं वेगळी करणं, कोणत्या लॉटचं किती उगवलं याची नोंद ठेवणं, हे सगळं काम टेबलावर होतं. टेबल व्हीलचेअरच्या मापाचं करा, म्हणजे स्टुलावर बसणाऱ्यालाही ते चालेल. रोपवाटिकेचा इनचार्ज कोण, हे काम कुणाला जमतं त्यावर ठरवा. पुढच्या जुलैत खड्डे खणणाऱ्यांनी रोपं त्याच्याकडूनच मागून घ्यायची, आणि किती जगली याचा हिशेबही त्यालाच द्यायचा.

घरचं काम त्याआधी उरकता येईल. भरीताच्या वांग्याचं रोप जूनमध्ये टाकतात, जुलै-ऑगस्टमध्ये ते वाफ्यात लावतात आणि थंडी पडली की फळं हाताला येतात. तोपर्यंत दोन रविवार मिळाले तरी पुष्कळ. एक भंगारवाल्याकडे क्रेट शोधायला, दुसरा माती भरायला. पण वाफा कुठे हवा, ऊन कुठलं, पहिलं काय लावायचं, हे मात्र आजीला विचारा. ती कदाचित ‘नको रे बाबा, कशाला त्रास’ असं म्हणेल. तरी टेप घेऊन जा. कोपराचं माप घेता-घेता ती सांगायला लागेल, की मेथीला इथलं ऊन चालत नाही आणि तू आणलेली माती फार चिकट आहे.